उघडा पडलेला ढीग

मी दुपट्टा उचलला. एवढंच केलं. कोपऱ्याला दोन बोटांनी धरून, भात शिजला का हे पाहायला गंजावरचं झाकण उचलावं तसा. खाली दोन हात होते. एक म्हाताऱ्या दलालाचा, दुसरा नागपूरकडून आलेल्या व्यापाऱ्याचा. व्यापाऱ्यानं दलालाची तीन बोटं मुठीत धरलेली. उजेड पडला तशी सगळी बोटं एकदम थांबली. दगड उलटवला की खालचे किडे पळतात, हे पळाले नाहीत. जागच्या जागी निपचित झाले, आणि तेच मला पळण्यापेक्षा वाईट वाटलं.

तरी मी मोबाईलवर फोटो काढलाच. वर मोठ्यानं म्हणालो, "बोला काकाजी, काय भाव? आता खुल्यात बोला!"

काकाजी म्हणजे तो दलाल. सगळं आवार त्याला काकाजीच म्हणायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातून दुपट्टा ओढून घेतला, झटकला, घडी करून खांद्यावर टाकला आणि पुढच्या ढिगाकडे चालू लागला. त्याच्या मागे व्यापारी गेला. व्यापाऱ्याच्या मागे बाकीचे व्यापारी, हमाल, नुसते पाहायला आलेले, सगळे. कोणी मला शिवी दिली नाही. वीस वर्षं सामाजिक कामात काढलेल्या माणसाला शिवी न मिळणं म्हणजे काहीतरी भयंकर चुकलंय, हे तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. मी मात्र मनात म्हणालो, जिंकलो.

हे आवार मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाहेर, नागपूर रस्त्याला लागून. खासगी. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, मधोमध एक जुनी चिंच. हिवाळ्यात आंबिया बहाराचं फळ उतरतं त्या दिवसांत सकाळी इथे संत्र्याचे ढीग लागतात आणि भाव ठरतो तो दुपट्ट्याखाली. दलाल आणि घेणारा हातात हात घालतात, वरून कापड, आणि बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे इतके, पूर्ण पंजा म्हणजे तितके. शेजारी उभ्या असलेल्या माल पिकवणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपल्या मालाला किती जणांनी किती म्हटलं. शेवटी दलाल सांगेल तो भाव.

हे बदललं पाहिजे, असं म्हणणाऱ्या एका संस्थेत मी आहे. संस्था म्हणजे पांढुर्ण्याला पिठाच्या गिरणीवरची दीड खोली. त्यामुळे आमच्या प्रत्येक पत्रकावर थोडं पीठ असतं. भाव मोठ्यानं पुकारा, फळ्यावर लिहा, ही आमची एक मागणी. दुसरी थेट दिल्लीकडे. सीमेपलीकडच्या देशानं आपल्या संत्र्यावर कर चढवला, ट्रक जायचे थांबले, आणि इथल्या बागायतदाराला ते कळलं तेव्हा फळ झाडावर पिवळं होऊन चुकलं होतं. व्यापाराचं धोरण ठरवताना संत्रा पिकवणाऱ्याला कोणीतरी विचारावं, म्हणून आम्ही निवेदनं पाठवतो. बायको म्हणते, "दिल्लीले सांगता ते ठीक हाय, आधी गॅसवाल्याले सांगा, सिलिंडर घेऊन चार दिवस झाले येऊन नाही राहिला."

तर असा मी, आणि समोर तो ढीग.

ढीग होता लोधीखेड्याकडच्या एका बाईंचा. मी त्यांना ताई म्हणतो, वयानं माझ्याएवढ्याच असतील. आमच्या सौंसरच्या सभांना त्या यायच्या, मागे भिंतीला टेकून बसायच्या. एकदा मी पडद्यावर बाण दाखवून खुल्या स्पर्धेचं सांगत होतो तेव्हा त्यांनी हात वर केला. "भाऊ, खुला भाव झाला तं घेणारा राहीन का पळून जाईन?" मी बराच वेळ उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "असं का." आणि खाली बसल्या.

त्यांच्या बागेचा माल आजवर दीर विकत आला होता. नवरा दूर एका कारखान्यात, वर्षातून दोनदा येणारा. झाडांना पाणी ताईंनी द्यायचं, डिंक्या रोग लागला तर खोड ताईंनी खरवडायचं, आणि बाजारात उभं राहायचं दिरानं. या वर्षी त्यांनी घरात सांगितलं, माल मी नेईन. दीर म्हणाला होता, "ने. एक दिवस ने. विकून आली तं बाग तुह्या हाती. माल वापस आणला तं पुढच्या साली बोलायचं नाही." हे त्यांनी मला सकाळीच, ट्रॅक्टरवरून उतरता उतरता सांगितलं होतं. सांगून माझ्याकडे अशा विश्वासानं पाहिलं की मला वाटलं, आज काहीतरी केलंच पाहिजे. मग मी दुपट्टा उचलला.

"भाऊ," ताई हळूच म्हणाल्या, "हे काय केलं तुमी?"

"सौदा उघड केला, ताई. आता पाहा, कसे भाव पुकारतात."

त्या पदर घट्ट आवळून ढिगाशेजारी उभ्या राहिल्या.

नऊ वाजले असतील. धुकं अजून कुंपणाच्या तारांना लटकत होतं. सौदे चालू होते. काकाजीचा दुपट्टा या ढिगावरून त्या ढिगावर फिरत होता. दुरून पाहिलं तर कापडाचं एक छोटं छप्परच गर्दीतून तरंगत चाललंय असं वाटे. आमच्या डावीकडचा ढीग गेला. उजवीकडचा गेला. मधला आमचा तसाच. लोक आमच्या ढिगापाशी आले की जरा वळत. खाली न पाहता. घरातल्या घरात अंधारात चालताना खाटेचा पाय कुठे आहे ते आपल्या पावलाला ठाऊक असतं ना, तसे.

मी एका व्यापाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. "शेठ, माल पाहा तरी. साल पातळ, रस पाहा." त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, जांभई दिली आणि निघून गेला. ठीक आहे, म्हटलं, राग आहे. मग चहावाला आला. या चहावाल्याकडे मी रोज लोकशाहीवर बोलून बोलून उधार चहा प्यायलो आहे. त्यानं डावीकडच्याला चहा दिला, उजवीकडच्याला दिला. "अबे, दोन इकडे!" मी ओरडलो. किटली माझ्या पोटासमोरून गेली, वाफ शर्टाला लागली, चहा नाही. ओळखीचा एक हमाल जात होता, त्याच्या खांद्यावर मी हात ठेवला. त्यानं न थांबता खांदा झटकला. रागानं नव्हे. चिंचेचं पान पडल्यावर झटकावं तसा.

तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजली.

मी संस्थेच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "हॅलो? हॅलो?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हॅलो? कोणी बोलून नाही राहिलं बाप्पा," आणि ठेवला. नेटवर्क सौंसरला असतं तसं असतं, हे मी स्वतःला समजावलं.

"ताई," मी म्हणालो, "मी तुम्हाला दिसतो ना?"

"दिसता," त्या म्हणाल्या. "मी बी तुमाले दिसून राहिली न? आपण दोघंच एकमेकाले दिसून राहिलो."

मग त्यांनी सांगितलं. इथे झाकलेला सौदा मधेच उघडा पडला, तर तो ढीग नसल्यासारखा होतो. ठरवून नाही. कोणी ठराव करत नाही, कोणी धमकी देत नाही. तो नुसता कोणाला दिसत नाही. आणि त्याच्याजवळ उभा असलेलाही.

"असं कुठं असते का, ताई?"

त्यांनी हनुवटीनं चिंचेकडे दाखवलं. "ते झाडाखालची जागा पाहा."

चिंचेच्या बुंध्यालगत खाटेएवढी जागा होती. ऐन हंगामात, ढिगाला ढीग चिकटून लागतो तेव्हाही तिथे कोणी माल टाकत नसे. हमालांच्या वाटा तिथे येऊन दुभंगायच्या आणि पलीकडे जुळायच्या. तेवढ्या मातीवर बाजारातल्या कोणाचं पाऊल नव्हतं. ताई लहान असताना वडिलांच्या मागे इथे आल्या होत्या, तेव्हा तिथे एका माणसाचा ढीग उघडा पडला होता. दुपट्टा वाऱ्यानं उडाला होता म्हणे. तो माणूस दिवसभर ढिगाशी बसून होता, डिंकानं काळ्या पडलेल्या नखांचे हात येणाऱ्या-जाणाऱ्याला जोडत राहिला होता. "माह्या बाबानं माह्या डोयावर हात ठेवला अन् म्हणे, चाल. मी बोटाइच्या फटीतून पाहिलं. त्यानं मले पाहिलं. मी बी पाहिलं नाही असं केलं." ढीग तिथेच सडला. माणूस पुन्हा कधी बाजारात आला नाही. किंवा येत असेल, ताई म्हणाल्या, आपल्याला काय ठाऊक.

मी पुन्हा तिकडे पाहिलं. कारण ती जागा मला चांगली माहीत होती. तीन महिन्यांपासून आमचं जनजागृतीचं टेबल मी तिथेच लावत होतो. आयती सावली, आयती मोकळी जागा. लोक किती सौजन्यानं आपल्यासाठी जागा सोडतात, असं मी संस्थेच्या बैठकीत सांगितलंही होतं. तीन महिन्यांत एकानंही पत्रक उचललं नव्हतं. मी समजत होतो, पिठामुळे.

ऊन वर आलं. धुकं गेलं, तरी आमच्या भोवतालचं काहीतरी गेलं नाही. संत्र्यांवर एरवी माश्या घोंगावतात. बाजूच्या सांडलेल्या फळांवर होत्या. आमच्या ढिगावर एक नव्हती. आवार रिकामं होऊ लागलं, ट्रकांच्या ताडपत्र्या बांधल्या जाऊ लागल्या. कुंपणाबाहेर मोटरसायकल लावून एक माणूस तंबाखू मळत उभा होता. ताईंचा दीर. तो आत आला नाही. त्याला नुसतं उभं राहायचं होतं.

ताईंनी त्याला पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"याले एकच उपाय हाय. ज्यानं उचलला त्यानं हात घालाचा."

"म्हणजे?"

"दुपट्ट्याखाली. तुमी घेणार बना. झाकून सौदा पुरा करा, का ढेर पुन्हा दिसते. मंग घेणारे येतीन."

मी म्हणालो, ताई, मी कसा हात घालू? ज्या पद्धतीविरुद्ध मी वर्षभर बोलतोय, त्याच कापडाखाली मीच? उद्या भोपाळला कोणी फोटो दाखवला तर? तत्त्वाचा प्रश्न आहे. मी 'तत्त्व' हा शब्द दोनदा वापरला, हे मला आठवतं.

"तुमचं तत्त्व उद्या बी राहीन," त्या म्हणाल्या. नजर माझ्यावरून हलली नाही. "माहा ढेर उद्या नाही राहत. हा वापस गेला का मी पाणी देणारी राहीन जलमभर. घाला हात."

काकाजी चिंचेपलीकडे बिडी ओढत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याला मी दिसत होतो की नाही, देव जाणे. मी उजवा हात पुढे केला. बराच वेळ तो तसाच हवेत राहिला. माझा चुलतभाऊ पोळ्याच्या दिवशी बैलापुढे हात धरून असाच उभा राहिला होता, आणि बैलानं पाहिलं नव्हतं, ते मला उगाच आठवलं. मग काकाजी उठला. माझ्याकडे न पाहता ढिगापाशी आला, उकिडवा बसला. मीही बसलो. त्यानं माझा हात हातात घेतला आणि वरून दुपट्टा टाकला.

आत गार होतं. डिसेंबरातलं कापडही दुपारी तापतं, पण आत विहिरीसारखा गारवा. काकाजीची बोटं कोरडी, खडबडीत. त्यानं माझं एक बोट दाबलं, मग दोन. आमच्या पत्रकात या बोटांचा तक्ता मीच काढला होता, आणि आता कळत होतं की तो सगळा उलटा होता. मी नुसता बसून राहिलो. इतक्यात कोणीतरी माझी करंगळी धरली.

काकाजीचा उजवा हात माझ्या तळव्यात होता. डावा हात दुपट्ट्याच्या बाहेर, त्यात बिडी, धूर वर चाललेला. मला वाटलं ताई. मान वळवून पाहिलं, तर ताई चार पावलांवर, दोन्ही हातांनी पदर छातीशी धरून उभ्या. आणि दुपट्ट्याखाली तो हात माझी करंगळी सोडत नव्हता. जोरात नाही. जत्रेत हरवायची भीती असलेलं माणूस धरतं, तसा. त्यानं माझी बोटं एकेक करून मिटवली आणि माझी मूठ काकाजीच्या तळहातावर टेकवली. म्हणजे किती, मला माहीत नव्हतं. काकाजीला माहीत असावं. तोंडाकडे नेलेली त्याची बिडी क्षणभर थांबली. त्यानं दिवसात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि मला शपथेवर सांगता येईल, म्हातारा भ्यालेला होता.

"कबूल," तो म्हणाला. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हातखंडा आहे.

दुपट्टा निघाला. खाली माझा हात आणि त्याचा हात, दोनच.

आणि मग जे झालं ते इतकं साधं झालं की मला अजून त्याचीच भीती वाटते. जाता जाता एक व्यापारी थांबला, "अरे, हा ढेर राहून गेला काय?" म्हणाला आणि दोन संत्री उचलून दाबू लागला. दुसरा आला. चहावाला माझ्यासमोर कप धरून म्हणाला, "घ्या भाऊ, तुमी सकायपासून होते कुठं?" एक माशी आली, ढिगावर बसली. माझा सौदा काकाजीनं न बोलता संत्री दाबणाऱ्या त्या पहिल्या व्यापाऱ्याच्या नावावर टाकला आणि हमाल कॅरेट भरायला लागले.

काकाजीनं ताईंच्या कानाशी वाकून भाव सांगितला. रीतच तशी, कानात सांगायचा. ताईंनी ऐकला. कुंपणाबाहेर उभ्या दिराकडे पाहिलं. आणि मग सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा तो भाव मोठ्यानं म्हणाल्या.

पुन्हा सगळे थांबले. मी डोळे मिटून घेतले. आता आपण परत नाहीसे होणार, असं वाटलं. पण सौदा तर झाकूनच झाला होता, त्यात काही उघडं पडलं नव्हतं. एका बाईनं आपल्या मालाचा भाव सांगितला होता, एवढंच. पलीकडून पागोटं बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हणे, बाई? किती गेला?" ताईंनी पुन्हा सांगितला, आणखी जोरात. "अन् मले तं त्याच्याहून कमी देऊन राहिला होता हा," म्हातारा काकाजीकडे बोट करून म्हणाला. काकाजी बिडी विझवण्यात फार गुंतून गेला.

दिरानं मोटरसायकलला किक मारली. ताई त्याच्या मागे बसल्या नाहीत. ट्रॅक्टरवर रिकाम्या कॅरेटांजवळ बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या साली मीच येईन. तुमी बी या. पण हात खिशात ठेवा."

मी पांढुर्ण्याची बस धरली. खिडकीशी बसून सकाळचा फोटो उघडला. त्यात हात नव्हते, ढीग नव्हता, नुसता एक मोठा धूसर अंगठा. फोटोत माझा अंगठा येण्याची ही पहिली वेळ नाही, घरातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत तो हजर आहे. पण हा मला माझा वाटेना. नख काळं होतं, झाडाचा डिंक खरवडणाऱ्यांचं असतं तसं. तेवढ्यात कंडक्टर आला, माझ्या पुढच्याला तिकीट दिलं, मागच्याला दिलं आणि निघून गेला. मी "तिकीट" म्हणालोही नाही. धीर झाला नाही.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बायको ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी फाटक लोटलं, आलो म्हणालो. तिनं मान वर केली नाही. पुन्हा म्हणालो. ती मेथीच निवडत राहिली. माझे पाय फाटकातच रुतले.

"चपला तिकडंच काढा," ती शेवटी म्हणाली. "किती माती आणली."

मी इतका हरखलो की चपला हातात घेऊनच तिच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. दुपट्टा, चिंच, तिसरा हात, अंगठा, कंडक्टर. ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "फुकट आले तं खुश व्हाचं सोडून भेता काऊन?" सगळं सांगून झालं तेव्हा तिनं मेथीच्या काड्या बाजूला सारल्या, माझा उजवा हात ओढून घेतला, आपल्या पदराखाली नेला आणि करंगळी धरून बसली. तिचा हात गरम होता. मग रस्त्याकडे पाहत ती म्हणाली:

"आपल्या लग्नाची बोलणी बी माह्या बाबानं अन् तुमच्या बाबानं दुपट्ट्याखालीच केली होती. काय ठरलं ते मले अजून कोणी सांगितलं नाही. तवा तुमी तिथं नव्हते, हे लई बरं झालं. नाही तं तुमी उचलून पाहिला असता, अन् मी तुमाले दिसलीच नसती."